चारशे तीनची ऑर्डर

माझ्या ऑनलाइन दुकानाचं सगळ्यात नियमित गिऱ्हाईक वारलेलं होतं.

हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, हा माणूस उगाच तिखटमीठ लावतोय. अजिबात नाही! त्या बाईंच्या दहाव्याला मी स्वतः हजर होतो. पिंडाला कावळा शिवला तो माझ्यामुळे. (माझ्या मालामुळे म्हणा हवं तर.) म्हणजे बाई गेल्या याबद्दल मला, सोसायटीला आणि कावळ्यालाही काही शंका नव्हती. तरी दर महिन्याला, न चुकता, त्यांची ऑर्डर येत होती.

मी दिलीप. राहणार कामोठे. बावीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका शेठच्या ऑफिसात डिस्पॅचला होतो. सळया, पत्रे, अँगल. ट्रक भरायचे, चलान फाडायचं, ड्रायव्हरशी भांडायचं आणि संध्याकाळी नाकातून काळी धूळ शिंकरायची. मग एक दिवस मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक गुळगुळीत चेहऱ्याचा मुलगा सांगत होता की घरबसल्या ऑनलाइन दुकान काढा आणि दर महिन्याला ठरलेली कमाई मिळवा. मी तो व्हिडिओ नऊ वेळा पाहिला. दहाव्या वेळी पाहून राजीनामा दिला.

"काय विकणार?" वैशालीने विचारलं. वैशाली म्हणजे आमची ही. नेरूळला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे, त्यामुळे घाबरलेल्या माणसाला शांतपणे अजून घाबरवायची तिला सवय आहे.

"मेतकूट," मी म्हणालो.

"लोखंड विकणारा माणूस मेतकूट विकणार?"

"विकणं ते विकणं! लोखंड टनावर जातं, हे दोनशे ग्रॅमवर."

वैशालीने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाली, "दिवाळीपर्यंत. दर महिन्याला न चुकता येणारी एक तरी ऑर्डर मला दाखवा. एक! मी जन्मभर गप्प बसेन. नाही दाखवली, तर पाडव्याला सकाळी डबा भरून देईन, गुपचूप कळंबोलीला जायचं."

शेठही तेच म्हणाले होते. "दिलीप, दिवाळीपर्यंत तुझी खुर्ची ठेवतो. नंतर भाच्याला बसवतो." भाच्याला मी ओळखत होतो. त्याच्या हाताखाली परत जायचं म्हणजे मेलेलं बरं. (हे वाक्य तेव्हा मी अगदी सहज बोलून गेलो होतो. आता असं काही बोलताना आजूबाजूला पाहून घेतो.)

दुकानाचं नाव ठेवलं 'आईच्या हातचं'. पाकिटावर माझ्या आईचा फोटो. नऊवारी, मोठं कुंकू, प्रेमळ नजर. फोटोग्राफरने "आजी, हसा" म्हटल्यावर ती हसली नव्हती, म्हणून हसू नंतर कॉम्प्युटरवर लावून घेतलं. मेतकूट मात्र मी करायचो, व्हिडिओ बघून. आई दोनचार वेळा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "दिलीप, डाळ करपतेय रे." मी कानातले इअरफोन न काढता म्हणालो, "आई, हे मार्केट वेगळं आहे. तुला नाही कळायचं." ती म्हणाली, "फोटो माझा, कढई तुझी," आणि भजनाला निघून गेली.

भजनात तिची जोडीदारीण म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या आरेकरकाकू. फ्लॅट चारशे तीन. एकट्याच राहायच्या, मुलगा उमेश दुबईला. आई आणि काकू वीस वर्षं शेजारी शेजारी बसून टाळ वाजवत होत्या आणि मधल्या ओळीत बाकीच्या बायकांबद्दल बोलत होत्या. माझ्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक याच. त्यांच्या फोनवर मीच खातं उघडून दिलं, पत्ता घातला, "पुन्हा मागवा" हे बटण कसं दाबायचं ते शिकवलं. एकाच बिल्डिंगमधलं कुरिअर कशाला, म्हणून पाकीट मीच वर नेऊन द्यायचो. काकूंच्या ऑर्डरखाली एक सूचना असायची. 'दारावरच्या पिशवीत ठेवणे. बेल वाजवू नये.' दाराच्या कडीला कापडी पिशवी, पिशवीत चार घड्या घातलेली नोट, नोटेला वेखंडाचा वास.

वैशाखात काकू गेल्या. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. टाळ पिशवीत घालून आईने ती पिशवी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि भजनाला जाणं बंद केलं.

दहाव्याला आम्ही सगळे खाडीकाठच्या घाटावर. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना! कावळे होते. समोरच्या झाडावर अकरा कावळे मी मोजले. सगळे आमच्याकडे बघत होते, एकही हलत नव्हता. उन्हाने डोकं तापलेलं. उमेश हात जोडून म्हणाला, "आई, फ्लॅट विकणार नाही." कावळे ढिम्म. "आई, सिगारेट सोडतो." एका कावळ्याने मान वळवली, पण विश्वास बसल्यासारखं दिसलं नाही. कोणी म्हणालं तुळशीला पाणी घालू, कोणी म्हणालं भजन चालू ठेवू. एक तास झाला. मला साडेबारापर्यंत एक पार्सल कुरिअरला द्यायचं होतं. मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "काकू, काळजी करू नका! तुमचं मेतकूट दर महिन्याला चारशे तीनला पोचेल!"

फडफड! एक कावळा थेट खाली आला आणि पिंडाला चोच लावून गेला.

लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. मला तर अभिमानच वाटला. माझा माल खुद्द कावळ्याने पास केला! येताना रिक्षात मी आईला म्हणालो, "ही जाहिरात करता आली असती तर!" आई बाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली, "शब्द दिलायस, लक्षात ठेव."

मी विसरलो. घरी पोचेपर्यंतच विसरलो.

उमेश फ्लॅट बंद करून, किल्ली विश्वासातल्या माणसाकडे देऊन दुबईला गेला. तो माणूस म्हणजे सेक्रेटरी म्हात्रे असणार, असं मी धरून चाललो. दोन महिने गेले. दुकान रडतखडत चाललं होतं. एखादी ऑर्डर ठाण्याहून, एखादी नाशिकहून, आणि एकदा घेतलेला माणूस पुन्हा कधी तोंड दाखवत नव्हता.

आषाढातली एक दुपार. वैशाली कामावर, आई घरात नाही. मी एकटाच पाकिटांवर स्टिकर लावत बसलो होतो. फोन वाजला. नवी ऑर्डर. मी खूश होऊन उघडली.

सुमती आरेकर. फ्लॅट चारशे तीन. मेतकूट, दोनशे ग्रॅम, एक.

खाली सूचना. 'दारावरच्या पिशवीत ठेवणे. बेल वाजवू नये.'

हातातलं स्टिकर पाकिटावर वाकडंच बसलं. मला वाटलं, जुनी ऑर्डर कुठेतरी अडकली असेल, आत्ता आली. वेळ पाहिली. तीन वाजून दहा मिनिटं. आजची तारीख. घड्याळात बघितलं तर तीन वाजून अकरा.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? फोन बंद करून देवापुढे बसला असता. पण मी बावीस वर्षं डिस्पॅचला काढलेला माणूस! ऑर्डर आली की माल निघाला पाहिजे, हे हाडात मुरलेलं. शिवाय महिनाभरातली ती पहिलीच ऑर्डर होती. मी तेच वाकड्या स्टिकरचं पाकीट उचललं आणि जिना चढायला लागलो.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी तीनला चौथ्या मजल्यावर इतकी शांतता असते की आपल्या गुडघ्यांचा आवाज ऐकू येतो. पॅसेजच्या जाळीवर एक कावळा बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं आणि जरासा बाजूला सरकला. जणू वाट दिली. चारशे तीनचं दार बंद. तोरण वाळून काळं पडलेलं. नावाची पाटी तशीच.

आणि कडीला पिशवी लटकत होती.

ती पिशवी काकूंच्या अंत्ययात्रेच्या दिवशी काढून ठेवलेली मी स्वतः पाहिली होती! मी आत हात घातला. चार घड्यांची नोट. वेखंडाचा वास. पाकीट आत टाकलं आणि तिथून जो सुटलो तो तळमजल्यापर्यंत गेलो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, हे खाली पोचल्यावर आठवलं.

तासाभराने धीर करून वर जाऊन पाहिलं. पिशवी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पानावर अभिप्राय आला. पाचपैकी तीन तारे. खाली लिहिलं होतं, 'डाळ करपली आहे. मंद आचेवर भाजावी. आणि जिन्यात चपला फटफटवत पळू नये.'

मी ते तीनदा वाचलं. मग हळूच उठलो, कढई काढली आणि डाळ मंद आचेवर भाजायला घेतली. दोन तास लागले. मेलेल्या माणसाचं ऐकावं लागतं, काय करता!

वैशालीला सांगायचं मनात होतं. पण ती घरात आल्या आल्या म्हणाली, "आली का एखादी परत ऑर्डर? जुन्या गिऱ्हाइकाची?"

"आली," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"खरंच? कोणाची?"

"आहेत एक. एस. आरेकर म्हणून. आपल्याच एरियातल्या."

"काकूंच्या नात्यातल्या का?"

"अगदी जवळच्या," मी म्हणालो. हे काही खोटं नव्हतं.

श्रावणात पुन्हा तसंच. तीच वेळ, तीच सूचना, तोच कावळा. या वेळी मी चपला हातात घेऊन चढलो. पिशवीत पाकीट ठेवलं आणि तेवढ्यात दाराच्या पलीकडून आवाज आला. किणकिण. टाळ! अगदी हलके, कोणीतरी स्वतःपुरते वाजवावेत तसे. मागोमाग गुणगुणणं. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. आतलं गुणगुणणं थांबलं आणि एका बाईचा खोकला आला. मग पुन्हा किणकिण.

त्या महिन्याचा अभिप्राय होता, 'भाजणं सुधारलं. हिंग कमी आहे. लाल टी-शर्ट आता धुवायला टाकावा, तीन दिवस तोच आहे.'

मी खाली मान घालून पाहिलं. लाल टी-शर्ट! तिसराच दिवस! मी तो तिथल्या तिथे काढला आणि उघड्या अंगाने हिंगाचा डबा शोधायला लागलो.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी म्हात्रे जिन्यात भेटले. म्हात्रे इथलेच, गावठाणातले. बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्याच भावकीची. त्यांनी मला मीटरच्या खोलीत नेलं आणि बोट दाखवलं.

"दिलीपभाऊ, ह्यो चारशे तीनचा मीटर. बघा."

मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"घरान कोन नाय, न मीटर चालू हाय. दोन महिने बघताव मी. रोज दुपारचाच."

"पण किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

"माज्याकडं?" म्हात्रे एक पाऊल मागे सरकले. "माज्याकडं कंची किल्ली? उमेशनी मना किल्ली दिलीच नाय!"

म्हात्रेंनी मीटरच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हात्रे हळूच म्हणाले, "ती बाई गेलेली नाय अजून. तिचा कायतरी अडकलाय इथं. कोनीतरी शबुद दिलेला असल बगा, न पुरा केला नसल."

घाट आठवला, अकरा कावळे आठवले, माझाच मोठा आवाज आठवला. 'दर महिन्याला पोचेल!' आणि पहिले दोन महिने मी काहीच पोचवलं नव्हतं. म्हणजे मी बोलावलं होतं त्यांना!

भाद्रपदात ऑर्डर आली ती नेमकी सर्वपित्री अमावास्येला. जग आपल्या पितरांना फुकट जेवायला घालतं, आणि आमचे पितर रोख पैसे देऊन मागवत होते! मी त्या दिवशी पाकिटासोबत एक चिठ्ठी ठेवली. 'काकू, चुकलं. आता एकही महिना चुकणार नाही. कृपया पुढे जा.' पाकीट ठेवताना मात्र माझी नजर स्टिकरवर गेली. स्टिकर वाकडं होतं. आषाढात नेलेलं पाकीट वाकडं होतं. श्रावणातलंही वाकडंच होतं, आता आठवलं. मी कपाटातलं पुढचं पाकीट न बघता उचलायचो, आणि दर वेळी हातात तेच! पाकिटावरची आई मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती. ते कॉम्प्युटरवर लावलेलं हसू पहिल्यांदाच मला खरं वाटलं.

चिठ्ठीचं उत्तर अभिप्रायात आलं. 'सुंठ वाढवावी. अक्षर सुधारावं.' चार तारे.

आणि गंमत बघा, धंदा वाढायला लागला! मंद आचेची डाळ, पुरेसा हिंग, वाढवलेली सुंठ. ठाण्याच्या बाईंनी पुन्हा मागवलं. नेरूळहून एकांनी चार पाकिटं एकदम घेतली. माझं वजन मात्र कमी होत चाललं होतं. दुपारचे तीन वाजत आले की मी फोन उलटा घालून ठेवायचो. काकू थांबल्या तर मी सुटेन, पण काकू थांबल्या तर माझी एकमेव पक्की ऑर्डर जाईल आणि मी भाच्याच्या हाताखाली! भूत जाऊ नये म्हणून देवाला नवस बोलणारा कामोठ्यात मी एकटाच असेन.

दिवाळीच्या आधीचा रविवार. उजेडाची, चांगली अकरा वाजताची वेळ. वैशाली माझ्यासमोर बसली. मी स्टुलावर, मांडीवर मोठी परात, परातीत चाळलेलं मेतकूट. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"दाखवा," वैशाली म्हणाली.

मी फोन पुढे केला. यादीत तारखा, आडनाव आणि नंबर एवढंच दिसत होतं. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. चार महिने, चार ऑर्डरी. वैशालीचा चेहरा खरंच उजळला. "अहो, तुम्ही जिंकलात की! मी म्हटलं तसं केलंत!" तिने स्क्रीनवर बोट फिरवलं. "आणि हे रिव्ह्यू किती आपुलकीने लिहिलेत. लाल टी-शर्ट? ह्या तुम्हाला बघतात कुठे?"

"असंच. येता-जाता."

"मी फोन करते त्यांना. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला पाहिजेत. पहिलं पक्कं गिऱ्हाईक आपलं!"

"नको!" मी ओरडलो. "त्या फोन घेत नाहीत! त्यांना आवडत नाही! त्या... त्या असतात तिथे रेंज नसते!"

पण रिसेप्शनवाल्या बाईला नंबर दिसला की तिचं बोट थांबत नाही. तिने नंबर लावला. स्पीकरवर टाकला. ट्रिंग. ट्रिंग. मी डोळे मिटले.

आणि आमच्या घरात किणकिण सुरू झाली.

टाळ! तेच टाळ! चारशे तीनमधले! आवाज दाराकडून येत होता. मी डोळे उघडले. खिळ्याला लटकवलेली भजनाची पिशवी, तिला कोणीही हात लावलेला नव्हता, आपोआप थरथरत होती. आत टाळ वाजत होते आणि टाळांच्या खालून, खोल विहिरीतून यावा तसा, शंख वाजायला लागला. तो शंख मी ओळखत होतो. काकूंच्या फोनची रिंग!

"काकू, आज ऑर्डर नाही!" एवढंच मी किंचाळलो, आणि स्टुलासकट मागे गेलो. परात उडाली. पाच किलो मेतकूट वर गेलं आणि माझ्यावर खाली आलं. नाकात हिंग, डोळ्यांत सुंठ. पिवळ्या धुक्यातून मला दिसलं की गॅलरीतून एक पांढऱ्या पातळातली आकृती आली, पिशवीपाशी थांबली आणि तिने आत हात घातला.

"हॅलो?" आकृती म्हणाली.

"हॅलो?" वैशालीच्या हातातल्या फोनमधून तोच आवाज आला.

"कोण बोलतंय?" आकृतीने विचारलं.

"आई," वैशाली हळूच म्हणाली, "मी वैशाली बोलतेय. इथूनच."

धुकं खाली बसलं. आई, माझी आई, हातात काकूंचा फोन धरून उभी होती. तिने आमच्या दोघांकडे पाहिलं, मग परातीकडे पाहिलं. "चांगलं झालं होतं की रे या खेपेचं," ती म्हणाली. "सगळं सांडलंस."

मग सगळं बाहेर आलं. उमेशने फोन आणि किल्ली तिलाच दिली होती. ती रोज दुपारी वर जायची, पंखा लावायची, आणि काकूंच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून टाळ वाजवायची. "वीस वर्षं बसलेय तिच्या शेजारी," आई म्हणाली. "मांडीला एकदम रिकामं वाटायला लागलं की कुठं जाणार मी?"

"अगं, पण ऑर्डरी?"

"तू कावळ्याला शब्द दिलास आणि विसरलास. दोन महिने वाट बघितली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द असा सोडतात का? म्हटलं, सुमतीच्या नावाने आपणच बटण दाबू."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं. तीनदा. तुझ्या कानात ती बोंडकं आणि समोर तो पोरगा, घरबसल्या कमवा म्हणणारा. डाळ करपतेय सांगितलं, तर मार्केट वेगळं आहे म्हणालास. हिंग कमी आहे सांगितलं, तर हं म्हणालास. तेच सुमतीच्या नावाने लिहिलं, तर दोन तास कढईपुढे उभा राहिलास."

खरं सांगतो, भीती गेली त्याच्या जागी लाज आली, आणि ती भीतीपेक्षा जड होती. पाकिटावर आईचा फोटो लावून फिरणारा मी! घरातली जिवंत बाई चार महिने स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि मी ऐकलं कोणाचं, तर मेलेलीचं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. (सुंठ होतीच. पण सगळं पाणी सुंठेचं नव्हतं.)

वैशालीने मात्र कपाट उघडलं होतं. तिने वाकड्या स्टिकरचं पाकीट बाहेर काढलं. "आई, हे काय?"

"ते सुमतीचं. वरून आणते आणि पुढच्या खेपेला पुढे ठेवते. चव काय, मी डब्यातली रोज बघतेच."

"म्हणजे हा माणूस चार महिने एकच पाकीट विकत होता?" वैशालीला हसू आवरेना.

"शब्द पोचवण्याचा होता," आई म्हणाली. "खाण्याचा नव्हता."

"आणि नोटा?" मी अडखळत विचारलं.

"तूच देतोस की दर एक तारखेला, हातखर्चाला. वास सुमतीच्या पिशवीचा."

मी पिवळ्या अंगाने जमिनीवरच बसून राहिलो. खुर्ची कळंबोलीची डोळ्यांपुढे दिसत होती. भाचा दिसत होता. मी वैशालीला म्हणालो, "हरलो मी. भर डबा पाडव्याला."

तिने पदराने डोळे पुसले. "मी काय म्हटलं होतं? दर महिन्याला न चुकता एक ऑर्डर. आलीये. गिऱ्हाईक जिवंत पाहिजे, अशी काही अट नव्हती. आणि ठाण्याच्या बाई तर जिवंत आहेत ना? शेठना कळवा, भाच्याला बसवा म्हणावं. पण कढई आजपासून आईंची."

तसंच झालं. आता कढई आईची, चव आईची, फोटोही तिचाच. माझ्याकडे स्टिकर, पार्सलच्या गाठी आणि जिने. कळंबोलीत डिस्पॅचला होतो, इथेही डिस्पॅचलाच आहे. दर महिन्याला चारशे तीनला पाकीट जातं, नवीन, सरळ स्टिकरचं. आई ते उघडते, चिमूटभर जाळीवर कावळ्याला ठेवते आणि उरलेलं भजनाच्या बायकांना वाटते. ती पुन्हा भजनाला जाते.

पाडव्याला तिने माझ्याकडे स्वतःच्या नावाचं खातं उघडून मागितलं. मी मोठ्या प्रेमाने उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पानावर पहिलाच एक तारा झळकला. 'माल उत्तम. मालक ऐकत नाही.' दुकानाची सगळी सरासरी घसरली! असा अभिप्राय फक्त गिऱ्हाईकच काढून टाकू शकतं, दुकानदार नाही. मी आईच्या खोलीत गेलो, हात जोडले, गयावया केली.

आईने टाळ पुसता पुसता मान वर केली.

"अर्ज लिही," ती म्हणाली, "आणि दारावरच्या पिशवीत ठेव. बेल वाजवू नकोस."